पुडा खरा होता

आमच्या स्प्लेंडरच्या टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ लिहिलेलं आहे. १९९८ची गाडी, बाबांनी साताऱ्यात घेतलेली. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून घेतली, पुढेही दर पाच वर्षांनी घेतो. आता ती पुण्यात माझ्याकडे असते आणि बायको तिला ‘तुझा थोरला भाऊ’ म्हणते.

दिवाळीच्या आधी तिची चेन फार वाजायला लागली. ॲडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत गेला होता, म्हणजे ताणायला जागाच उरली नव्हती. चेन आणि पुढची-मागची दातेरी चकती (स्प्रॉकेट) असा तीन नगांचा सेट बदलायला झाला होता, त्यात वाद नाही. घराजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. मेस्त्रीने काउंटरखालून कंपनीचा सीलबंद पुडा काढून माझ्या हातात दिला. मी होलोग्राम पाहिला, एमआरपी पाहिली, मॉडेलचं नाव वाचलं, फोनवर किंमत ताडून पाहिली. डुप्लिकेट मालाबद्दल इतकं ऐकलं होतं की सोनाराने मोहर पारखावी तसा तो पुडा पारखला. एका कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग होता, तोही नखाने खरवडून बघितला. माल अस्सल होता. आजही म्हणतो, पुडा अस्सलच होता.

“पाऊण तास लागेल दादा, चहा घेऊन या,” मेस्त्री म्हणाला. मी गेलो.

परत आलो तर गाडी तयार, चेन कव्हर बंद, वरून कापड मारून लख्ख. आवाज गेलेला. मजुरी धरून सतराशे रुपये दिले. एका चिठ्ठीवर ‘चेन सेट १’ एवढंच लिहून मिळालं. जुनं सामान मागायचं डोक्यातही आलं नाही. बाबा सोबत असते तर त्यांनी मागितलं असतं. गॅरेजमधून येताना ते जुने ब्रेक शू, क्लच प्लेटा, फुटलेल्या केबली पिशवीत घालून घरी आणायचे. आई चिडायची, आम्ही हसायचो. भंगारवाल्याकडून त्याचे दहा रुपयेही येत नसत.

या जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांची चेन पूर्ण बंद कव्हरात असते. चांगली सोय आहे. धूळ-चिखल लागत नाही, चेन जास्त टिकते, पँट काळी होत नाही. पण आत काय बसवलंय ते मालकाला दिसतच नाही. चार महिने मी निवांत होतो.

मग एका शनिवारी आम्ही दोघं गावाकडे निघालो. सातारा रस्त्यावरचं खंडाळा सोडून खंबाटकी घाटाचा चढ लागला, दुसऱ्या गिअरवर गाडी ओढायला लागली आणि खालून टक्क, टक्क सुरू झालं. ॲक्सिलरेटर पिळला की गाडी हिसका देई, पुन्हा टक्क. चेन दातांवरून उड्या मारत होती. बायको उतरून चालत, मी अर्ध्या क्लचवर, असा तो घाट चढलो. मागून येणारे ट्रक आमच्याकडे बघून काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही हे बरं. उतारावर इंजिन बंद करून सुरूर फाट्यापर्यंत गाडी सोडली. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण फिटर होता.

त्याने कव्हर खोललं आणि दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग विचारलं, “सर, ही चेन कधी टाकली?” चार महिन्यांपूर्वी म्हटल्यावर त्याने चाक हाताने हळूहळू फिरवलं. एक लॉक आलं. अर्धा फेरा गेल्यावर दुसरं लॉक आलं.

चेन जोडायला एक लॉक पुरतं. दोन असली की समजायचं, तुकडे जोडलेत. माझ्या चेनीच्या एका भागाच्या पट्ट्यांवर एका कंपनीचा शिक्का, दुसऱ्या भागावर वेगळाच. कुणा दोघांच्या गाड्यांतून निघालेल्या चेनी डिझेलमध्ये धुऊन, चांगले वाटले ते तुकडे जोडून मला घातल्या होत्या. फिटरने मोजपट्टी लावली. ही चेन ४२८ नंबरची. पहिला ४ म्हणजे इंचाचे चार-अष्टमांश, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. वीस कड्या मोजल्या तर नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. चेन लांबते म्हणतात तेव्हा लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक पिन आणि बुश थोडं थोडं झिजतं आणि ती झीज एकात एक मिळत जाते. २५९च्या आसपास गेली की, म्हणजे दोन टक्के वाढली की, ती काढायची. माझा एक तुकडा २५७ होता, दुसरा २६१.

मागचं स्प्रॉकेट तर फारच हुशारीचं काम होतं. माझंच जुनं, उलटं करून बसवलेलं. दात एका बाजूने झिजतात, कारण ओढ एकाच बाजूने असते. चकती उलटी केली की दुसरी, बरी बाजू कामाला लागते. दातांचा आकडा कोरलेली बाजू आतल्या अंगाला गेली होती, त्यावरून ते कळलं. पुढच्या छोट्या स्प्रॉकेटला तर मेस्त्रीने हातही लावला नव्हता. ते काढायचं म्हणजे गिअरचा पाय काढा, डावं कव्हर काढा, मग आतल्या पट्टीचे दोन बोल्ट. त्या कव्हरच्या स्क्रूंवर कित्येक पावसाळ्यांची माती तशीच थापलेली होती. हे स्क्रू मी चार महिन्यांपूर्वी वाकून पाहिले असते तरी पुरलं असतं. आत दात विळ्यासारखे वाकलेले. असल्या दातांवर खरीखुरी नवी चेन घातली तरी ती लवकर मरते, कारण दातांमधले खड्डे लांबलेल्या चेनीच्या मापाने झिजलेले असतात. नवी चेन त्यात नीट बसत नाही आणि सगळी ओढ दोन-तीन दातांवर येते. म्हणून तिन्ही नग एकदम बदलतात. ‘पुढचं चांगलं आहे, राहू द्या’ असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा ते कव्हर उघडण्याचा कंटाळा करत असतो.

फिटरने दोन कड्या कमी करून, चेन ताणून, गावापर्यंत जाण्यापुरतं करून दिलं. शंभर रुपये घेतले.

पुण्यात आल्यावर त्या गॅरेजात गेलो. मेस्त्री आधी म्हणाला, “तुम्ही गाडी ओढली असेल.” मी दोन्ही लॉकं दाखवली. मग म्हणाला, “ही चेन माझी नाहीच, मध्ये कुठेतरी काम केलंय तुम्ही.” मी बोलत असताना त्याच्या पोऱ्याने दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या हातात पुडा दिला. कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग. ते गृहस्थ होलोग्राम निरखून बघत होते.

मी तिथेच त्यांना सांगितलं. ते चटकन निघून गेले, मेस्त्रीचा आवाज चढला, चार लोक जमले, आणि शेवटी त्याने पाचशेची नोट माझ्या हातात कोंबली. मी घेतली, खोटं कशाला बोलू. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायचं मनात होतं, पण हातात पक्कं बिल नव्हतं, ती चिठ्ठी होती, आणि त्यावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या वेळी सामान मी स्वतः नाना पेठेतून आणलं, जुनी चकती सोबत नेऊन. काउंटरवरच्या काकांनी आधी दोन्हींचे दात मोजले. पुढे एक दात जास्त घेतला तर मायलेज वाढतं असं कुणीतरी मला सांगितलं होतं, ते त्यांना विचारलं. त्यांनी हिशेबच मांडला: मागे ४२ आणि पुढे १४ असतील तर मागचं चाक एकदा फिरायला पुढची चकती ३ वेळा फिरते, पुढे १५ केले की २.८ वेळा. “सपाटीला बरं वाटेल, चढाला डबलसीट गाडी रडेल.” खंबाटकी आठवून मी होते तेवढेच दात घेतले.

बसवताना स्टूल टाकून दीड तास समोर बसलो. पुडा मी फोडला. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आहे का तेही पाहिलं, कारण उलटं बसलं तर क्लिप निघून जाऊ शकते. जुने तिन्ही नग पिशवीत घालून घरी आणले आणि बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कव्हरला चेन बघायला भोक असतं, त्याचं रबरी बूच आहे का जागेवर?”

खाली जाऊन पाहिलं. नव्हतं. पहिल्या मेस्त्रीने तेही ठेवून घेतलं होतं. सध्या तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावलाय.