मराठी ब्लॉग आणि वेबसाइटच्या कामात टिकलेले ब्राउझरचे ॲड-ऑन

मी ठाण्यात नौपाड्यात राहून छोट्या व्यावसायिकांसाठी मराठी वेबसाइट तयार करतो आणि सवडीने ब्लॉग लिहितो. या दोन्ही कामांसाठी गेले अनेक महिने फायरफॉक्स आणि क्रोममध्ये निरनिराळे ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधने, वापरून पाहिले. त्यांपैकी जे रोजच्या वापरात राहिले, त्यांचा हा अनुभव आहे. ॲड-ऑनच्या याद्या पुष्कळ मिळतात, परंतु त्या बहुधा इंग्रजी मजकुराचे पान गृहीत धरून केलेल्या असतात, त्यामुळे देवनागरी पानावर तेच साधन कितपत कामाला येते, हे त्यांवरून कळत नाही.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो ‘वेव्ह’चा. अमेरिकेतील युटा स्टेट युनिव्हर्सिटीतील ‘वेबएम’ या गटाने तयार केलेले हे साधन दृष्टिबाधित आणि इतर अपंग वाचकांना पान वापरताना कोठे अडथळा येईल, ते त्या पानावरच खुणा करून दाखवते. तपासणी ब्राउझरमध्येच होत असल्यामुळे अद्याप प्रसिद्ध न केलेले किंवा पासवर्डमागचे पानही तपासता येते, आणि क्लायंटचे काम करणाऱ्यास ही सोय फार मोलाची आहे. दिवाळीच्या आधी फराळाचे पदार्थ विकणाऱ्या एका काकूंच्या वेबसाइटवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर नारिंगी अक्षरांत भाव लिहिले होते, कारण पान सणाचे वाटले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत ‘डार्कऑरेंज’ म्हणतात तो हा रंग. पांढऱ्यावर त्याचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे माप, जेमतेम २.३३ भरते, आणि साध्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ असावे असा डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा निकष आहे. वेव्हने प्रत्येक भावाशेजारी लाल खूण दाखवली, तेव्हा काकूंना वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. अक्षरांना ‘सॅडलब्राउन’ दिल्यावर गुणोत्तर ७ च्या वर गेले आणि नारिंगी रंग चौकटीच्या पट्ट्यांना ठेवून सणाचा थाटही राखता आला.

मात्र मराठी पानासाठी अत्यंत महत्त्वाची एक गोष्ट वेव्हला पकडता येत नाही. एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, पहिल्या टॅगमध्ये पानाची भाषा नोंदवलेलीच नसेल, तर वेव्ह ती त्रुटी म्हणून दाखवते. परंतु संपूर्ण मजकूर मराठी असून नोंद इंग्रजीची असेल, तर ते काहीच बोलत नाही. वर्डप्रेस ही वेबसाइट चालवण्याची प्रणाली इंग्रजीत बसवली की नेमके हेच घडते. परिणामी स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे साधन) मराठी वाक्ये इंग्रजी आवाजात वाचू पाहतो, आणि ‘नोटो सॅन्स देवनागरी’सारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे असूनही ती उमटत नाहीत. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडल्यावर हा प्रश्न सुटतो. तपासणी मात्र डोळ्यांनीच करावी लागते, आणि मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी करावी असे मी आवर्जून सांगेन.

फॉन्टची नावे सांगणारे ‘व्हॉटफॉन्ट’ मी काढून टाकले. पानात मागितलेला फॉन्ट आणि देवनागरी अक्षरांसाठी प्रत्यक्षात वापरला गेलेला फॉन्ट यांत फरक असू शकतो. विंडोजवर अनेकदा पर्याय म्हणून ‘निर्मला यूआय’ येऊन बसतो. फायरफॉक्सच्या विकासक साधनांमधील फॉन्टची उपखिडकी हा फरक नेमका दाखवते, त्यामुळे वेगळ्या ॲड-ऑनची गरज उरत नाही. रंग उचलण्यासाठी ‘कलरझिला’ चांगले आहे, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

ख्रिस पेडरिक यांचे ‘वेब डेव्हलपर’ हे ॲड-ऑन फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या काळापासून चालत आले आहे आणि आजही मला ते अपरिहार्य वाटते. त्यातील शीर्षकांचा आराखडा दाखवणारी सोय ब्लॉगलेखकांनीही वापरावी, कारण अक्षरे लहान दिसावीत एवढ्यासाठी दुसऱ्या पातळीच्या शीर्षकाखाली थेट चौथी पातळी घातली की लेखाची रचना कशी तुटते, ते तेथे एका दृष्टिक्षेपात कळते. चित्रांच्या जागी त्यांचा पर्यायी मजकूर दाखवण्याची सोयही तशीच. ठाणे–वाशी लोकलमध्ये नेटवर्क क्षीण झाल्यावर चित्रे न उतरलेले पान वाचकाला कसे दिसेल, याचा अंदाज घरी बसून घेता येतो.

‘यूब्लॉक ओरिजिन’ जाहिराती थांबवते एवढेच बहुतेकांना माहीत असते, परंतु त्यातील लॉगर हे विकासकासाठी उत्तम निरीक्षणसाधन आहे. पान उघडताच कोणकोणत्या त्रयस्थ सर्व्हरकडे विनंत्या जातात, ते ओळीने दिसते. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही३ ही ॲड-ऑनसाठीची नवी पद्धत लागू करून जुन्या पद्धतीचे ॲड-ऑन बंद केल्यापासून तेथे ‘लाइट’ आवृत्तीवर भागवावे लागते, तर फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती चालते. माझे बरेचसे काम फायरफॉक्सकडे वळले, त्याचे हे मोठे कारण आहे. छोट्या मराठी ब्लॉगांवर मी यूब्लॉक जाणीवपूर्वक बंद ठेवतो, कारण लिहिणाऱ्याला जाहिरातींतून चार पैसे मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत.

संदर्भ जपण्यासाठी ‘सिंगलफाइल’ला तोड नाही. चित्रे, फॉन्ट आणि मांडणीसह संपूर्ण पान एकाच एचटीएमएल फाइलमध्ये साठवले जाते, त्यामुळे लेखात उल्लेख केलेली बातमी पुढे हटवली गेली तरी आपल्याजवळ ती वाचता येते.

ॲड-ऑन निवडताना त्याच्या गुणांइतकेच लक्ष परवानग्यांकडे आणि मालकीकडे द्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. न वापरलेले टॅब थांबवून ठेवणारे, लाखो लोक वापरत असलेले ‘द ग्रेट सस्पेंडर’ २०२० मध्ये दुसऱ्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोडच्या कारणावरून गूगलने ते हटवले. त्याआधी जुलै २०१८ मध्ये वेबसाइटचे रूप बदलणारे ‘स्टायलिश’ वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करते, हे उघड झाले होते. क्लायंटच्या वेबसाइटचे ॲडमिन पॅनल ज्या ब्राउझरमध्ये उघडतो, तेथे ‘सर्व वेबसाइटवरील डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी कोणाकोणाला दिली आहे, हे आपल्याला तोंडपाठ असले पाहिजे. क्रोममध्ये ही परवानगी ‘क्लिक केल्यावरच’ अशी मर्यादित करता येते, आणि रंग किंवा शीर्षके तपासणाऱ्या साधनांचे तेवढ्यावर उत्तम चालते. एका क्लायंटचे लॉगिन दुसऱ्याच्या कामात मिसळू नये म्हणून मी मोझिलाचेच ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ वापरतो. प्रत्येक क्लायंटसाठी वेगळ्या रंगाचा कंटेनर ठेवला की एकाच खिडकीत निरनिराळी खाती सुखाने उघडी राहतात. अंतिम तपासणीसाठी मात्र एकही ॲड-ऑन नसलेले ब्राउझरचे स्वतंत्र प्रोफाइल ठेवले आहे, कारण वाचकाच्या ब्राउझरमध्ये यांपैकी काहीच नसण्याची शक्यता अधिक असते.