तयार आर्टिक्युलेटेड शँक: सोय मोठी, पण सगळ्या कामाला नाही

फ्लाय-फिशिंगसाठी मध्ये जोड असलेला, म्हणजे वाकणारा (आर्टिक्युलेटेड) स्ट्रीमर, अर्थात छोट्या माशासारखी दिसणारी पिसा-केसांची फ्लाय (कृत्रिम आमिष) बांधायची, तर तो जोड दोन तऱ्हांनी देता येतो. एक, बारीक तार मागच्या गळाच्या डोळ्यातून (टोकाच्या छिद्रातून) ओवून तिची दोन्ही टोकं पुढच्या गळाच्या दांडीवर बांधायची. दुसरी, बाजारात मिळणारा तयार शँक घ्यायचा: तारेची दांडी, पुढे डोळा, मागे उघडा फासा. ट्राउटसाठी २० मिमीचा पुरतो. त्याहून लांब घेतला तर पुढचा भाग ताठ राहतो आणि हालचालच मरते.

जोडणी सोपी आहे. आधी मागचा गळ (४ नंबर, सरळ डोळ्याचा) पूर्ण बांधून घ्यायचा. मारबूची (मऊ, फुलणाऱ्या पिसांची) शेपटी गळाच्या दांडीएवढीच ठेवा. जास्त सोडली तर ती कास्ट करताना (लाइन फेकताना) गळाच्या वाकाला गुंडाळते आणि फ्लाय पाण्यात गोल फिरू लागते. मग गळाचा डोळा फाशात अडकवायचा, फाशाचं मोकळं टोक दांडीला चिकटवून त्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे आणि सुपरग्लूचा थेंब सोडायचा. इथे कंजुषी केली की मोठ्या माशाच्या झटक्यात ते टोक निसटतं आणि गळ माशाबरोबर जातो.

खरी कटकट व्हाइसची (बांधताना गळ धरणाऱ्या शिकंजाची). साध्या जबड्यात शँकचा फासा नीट धरला जात नाही. फ्लायच्या डोक्यासाठी हरणाचे केस आवळताना दांडी फिरते. शँक धरण्याचा वेगळा होल्डर मिळतो, तो सोबतच घ्यावा. तो नसेल तर केसांचं डोकं आटोपशीर ठेवा. तसंही ते गच्च भरलं की फ्लाय बुडायलाच तयार नसते.

शिशाचे डोळे (माशाच्या डोळ्यांसारखं दिसणारं वजन) दांडीच्या खालच्या बाजूला बांधा. शँकला गळासारखा खाली झुकणारा वाक नसतो, त्यामुळे वजन वर आलं की पुढचा भाग कुशीवर लोळतो. बादलीभर पाण्यात ओढून पाहिलं की लगेच कळतं.

आता मुख्य आक्षेप. या रचनेत गळ फक्त मागे असतो. मोठा ब्राउन ट्राउट पुष्कळदा भक्ष्याच्या डोक्यावर किंवा कुशीवर तुटून पडतो, आणि तिथे शँकमध्ये काहीच नसतं. असे फटके हुकतात. मोठ्या ब्राउनच्या मागे लागायचं असेल तर तारेची दोन गळांची जुनी पद्धतच बरी: पुढे २ नंबरचा गळ, सुमारे ०.४५ मिमीची अनेकपदरी तार, मध्ये दोन मणी. मणी दोन्ही गळांमधलं अंतर राखतात आणि फासा दुमडू देत नाहीत. तार फार लांब सोडली तर मागचा गळ पुढच्यात अडकतो. उलट जिथे एकाच गळाची परवानगी आहे, किंवा मासे सोडून द्यायचे आहेत, तिथे शँक निर्विवाद सरस. एक गळ, तोही टोकाजवळचा उलटा काटा दाबून बसवलेला, चटकन निघतो.

पाण्यात दोन्ही सारखेच चालवायचे: ७ वेटची रॉड (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा क्रमांक), २०० ते २५० ग्रेन वजनाची सिंकिंग (बुडणारी) लाइन, जेमतेम मीटरभर जाड लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा दोरा). लीडर लांब असला तर लाइन खाली आणि फ्लाय वर, असा प्रकार होतो. गाठ घट्ट आवळणारी नको, मोकळ्या फाशाची हवी. लाइन झटक्याने ओढा आणि थांबा. थांबल्यावर मागचा भाग पुढे सरकून जोडात वाकतो, आणि मासा बहुतेकदा त्याच क्षणी येतो. तेव्हा रॉड वर उचलायची नाही, लाइनच जोरात ओढायची. रॉड उचलली की फ्लाय त्याच्या तोंडासमोरून निघून जाते.

शँक विकत घेताना पुढचा डोळा नखाने तपासा. तोंड पूर्ण मिटलेलं नसेल तर लीडर त्या फटीत शिरून कापला जातो. असं पाकीट परत करावं, किंवा निदान ती फट दोरा आणि ग्लूने बुजवून मगच बांधायला घ्यावं.