थेटर उलटं, पिक्चर सुलट

मी तालुक्याच्या थेटरात एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. रीळ तुटलं की आख्खी पब्लिक मान वळवून केबिनच्या खिडकीकडे बघायची आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्यामुळे लेक म्हणाली, ‘‘अप्पा, इकडे एका थेटरात केबिन पडद्याच्या मागे आहे,’’ तेव्हा मला वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. इंग्लंडात लिंकनपासून तीसेक किलोमीटरवर वुडहॉल स्पा नावाचं गाव आहे. तिथे झाडीत ‘किनेमा इन द वुड्स’. १९२२ साली एका जुन्या पॅव्हेलियनचं थेटर केलं. पण छताच्या आडव्या तुळया इतक्या खाली, की पब्लिकच्या मागून झोत टाकला तर तुळईच मधे येणार. म्हणून मशीन थेट पडद्यामागे. तिथून चित्र टाकलं की डावं उजवीकडे जातं, म्हणून रिळाच्या काळात झोत आधी आरशावर आणि मग पडद्यावर. आता सगळं डिजिटल, तरी मोठ्या हॉलमध्ये चित्र येतं ते मागूनच.

बसलो आणि चुकल्याचुकल्यासारखं झालं. डोक्यावरून झोतच नाही! आमच्याकडे त्यात विडीचा धूर तरंगायचा, पोरं हात वर करून पडद्यावर कुत्रं काढायची. इथे कुणी मधेच उठलं तरी हिरोच्या तोंडावर त्याची सावली नाही. सवयीने मी दोनदा मागे वळून बघितलं. भिंत. ऑपरेटरला शिव्या द्यायच्या तर पडद्याकडेच तोंड करून द्याव्या लागतील.

पुढच्या रांगांना १९५३ पर्यंत कापडी आरामखुर्च्या होत्या म्हणे. आता साध्या खुर्च्या आहेत. बरंच झालं, त्यातून मला कुणी उठवलं असतं?

मध्यंतरात बायकोने आइस्क्रीम आणलं आणि तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला. नाटकातला पायपेटीचा ऑर्गन डोळ्यांसमोर आणू नका, हा कॉम्प्टन कंपनीचा थेटरचा ऑर्गन, छाती भरून येईल असा आवाज. लंडनच्या एका थेटरातला, १९८७ मध्ये इथे आणला. पिक्चर मारधाडीचा होता, जावयाला आवडला.

नंतर शेजारी आणखी दोन पडदे झालेत, तेव्हा तिकीट काढताना जुन्याच हॉलचं आहे ना, विचारून घ्या. गावात रेल्वे राहिलेली नाही. आम्ही परतीच्या बसच्या धास्तीने दुपारचा खेळ पाहिला. तुमच्याकडे गाडी असेल तर रात्रीचा बघा.