बाबांचा फोन हॅक झाला तेव्हा: राजारामपुरीतलं छोटं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, ५ पैकी ४.५

दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण मालकांनीच सांगितलंय, ताई कुठं लिहिणार असाल तर नाव नका टाकू, मी एकटा माणूस आहे, आत्ताच रात्री दहापर्यंत बसावं लागतंय. राजारामपुरीत मेन रोडवरून आतल्या गल्लीत आहे, निळं शटर, एक टेबल, एक भिंगाचा दिवा आणि गिऱ्हाइकांसाठी दोन प्लास्टिकची स्टुलं, एवढंच दुकान. कोल्हापूरच्या लोकांना विचारत गेलं तर सापडेल. बाहेरगावच्यांनी त्यांनी काम कसं केलं ते नीट वाचा, कारण तुमच्याकडच्या दुकानात गेल्यावर समोरचा माणूस बरोबर करतोय का ते तुम्हाला ओळखता येईल.

झालं असं की शुक्रवारी रात्री बाबांना पेन्शनर ग्रुपातल्या एका मित्राच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर फाईल आली, आरटीओ चलान, आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे कागद किंवा फोटो नव्हे, फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल. नंबर मित्राचा, डीपी मित्राचा, आणि आदल्याच आठवड्यात दसरा चौकात सिग्नलला बाबांची गाडी पट्ट्याच्या थोडी पुढं गेली होती ते त्यांच्या डोक्यात होतंच. उघडली. फोननं लाल अक्षरात धोक्याचा इशारा दिला होता म्हणे, पण बाबांनी तरीही इन्स्टॉल करा असं जे बटण असतं ते दाबलं. मग त्या ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. चलान बघायला १ रुपया भरा म्हणून कार्डाचं पान आलं, पुढचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. पान नुसतं फिरत राहिलं, चलान काही दिसलं नाही, थोड्या वेळानं ॲपचा आयकॉनही गायब झाला आणि बाबा झोपून गेले.

सकाळी मावशीचा फोन, दाजी मला कसलं चलान पाठवलंय? मग कराडहून आत्याचा. मग बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या दोघांचे. बाबांच्या व्हॉट्सॲपवरून रात्रीत कितीतरी जणांना तीच फाईल गेली होती आणि बाबांना पत्ता नाही. फोन हातात धरवत नव्हता इतका गरम, आणि रात्रीपासून एकही एसएमएस आलेला दिसत नव्हता, एरवी दिवसाला दहा तरी जाहिरातीचे येतात. हे न येणं मला तेव्हा खटकायला पाहिजे होतं.

आधी एका मोठ्या, काचा लावलेल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलानं दहा सेकंद फोन बघितला, व्हायरस आहे म्हणाला, फॉरमॅट मारतो ५०० रुपये आणि वर्षाचा अँटीव्हायरस ९००, अर्ध्या तासात या. या फोनवर बँक आहे का, पैसे गेलेत का, फाईल कुठून आली, काहीही विचारलं नाही. मी फोन देणारच होते खरं तर. पण बाबा म्हणाले फोटो जातील का, त्यावर तो म्हणाला सगळंच जातं, आणि त्या एका वाक्यामुळं आम्ही बाहेर पडलो आणि मैत्रिणीला फोन केला, तिनं या दुकानाचं सांगितलं.

इथं मालकांनी फोन हातात घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न विचारला, काका नेट चालू आहे का? एअरप्लेन मोड टाकला, वायफाय वेगळं बंद केलं, पिन घालून सिम बाहेर काढलं. मग ड्रॉवरमधून एक कीपॅडचा साधा फोन काढला आणि बाबांचं सिम त्यात घातलं. म्हणाले, आता ओटीपी आला तर तो या डबड्यात येईल, चोराला दिसणार नाही. मला हे इतकं पटलं की काय सांगू, कारण आपण सगळे त्या हॅक झालेल्या फोनवरूनच पासवर्ड बदलत बसतो आणि आपण काय टाइप करतोय ते समोरच्याला दिसू शकतं.

त्याच साध्या फोनवरून त्यांनी बाबांना बँकेच्या बॅलन्सच्या नंबरवर मिस कॉल द्यायला लावला. मेसेज आला. ६९,५०० रुपये कमी. बाबा स्टुलावर बसले ते काही बोलेचनात. मालकांनी पाणी दिलं, बाकीच्या गिऱ्हाइकांना पंधरा मिनिटं थांबा म्हणाले, आणि मला म्हणाले ताई रडायचं नंतर, आता तुमच्या फोनवरून बँकेच्या टोल फ्री नंबरला लावा, नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागं छापलेला असतो तो लावा. गुगलवर खोटे कस्टमर केअर नंबर टाकून ठेवलेले असतात, एकदा लुटलेला माणूस घाईत तिथं परत लुटला जातो. कार्ड ब्लॉक, नेट बँकिंग बंद, यूपीआय बंद, आणि तक्रारीचा नंबर कागदावर. बँकेच्या फोनवरच्या बाईंनी दोन व्यवहार सांगितले, ४९,५०० आणि २०,०००, दुसरा आम्ही त्या काचेच्या दुकानात उभे होतो तेव्हाचा.

मग १९३०. हा गृह मंत्रालयाचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर, देशभर एकच. आमचा दुसऱ्या प्रयत्नात लागला. नाव, खातं, व्यवहाराचा नंबर, रक्कम, तारीख, वेळ हे सगळं विचारतात, म्हणून ते आधी कागदावर लिहून घ्यायला मालकांनी लावलं होतं. इथं तक्रार नोंदली की ती पैसे जिथं गेलेत त्या बँकेकडं जाते आणि तिथं पैसे अजून पडलेले असतील तर ते अडकवून ठेवता येतात. म्हणून तर मिनिटाला महत्त्व आहे, पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळवत नेतात आणि एकदा एटीएममधून काढले की संपलं. आमचे २०,००० अडकले, म्हणजे सापडले. ४९,५०० रात्रीच गेलेले, त्यांचं काही नाही. २०,००० हातात यायला पोलीस आणि कोर्टाचे कागद व्हायचेत, अजून चालूच आहे. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर जाऊन सगळी तक्रार नीट भरायची, ती मी घरी येऊन भरली.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मी नंतर वाचून खात्री केली. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, त्यात गिऱ्हाइकाच्या चुकीनं पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं असं म्हटलं होतं. म्हणजे बाबांनी कार्डाचे आकडे स्वतः भरले ही चूक झाली हे मान्य, पण कळवलेली वेळ आणि तक्रार नंबर जवळ असणं किती महत्त्वाचं आहे बघा.

एवढं झाल्यावर मग त्यांनी फोन उघडला. आधी पुरावा. कुठल्या नंबरवरून कधी फाईल आली त्याचे फोटो माझ्या फोननं काढायला लावले, फॉरमॅट केल्यावर यातलं काही उरत नाही. त्या मोठ्या दुकानात फॉरमॅट मारलं असतं तर मी तक्रारीला काय जोडणार होते? मग सेटिंगमध्ये सगळ्या ॲपची यादी, त्यात खाली एक बिननावाचं, पांढऱ्या आयकॉनचं ॲप. अनइन्स्टॉलचं बटण दबतच नव्हतं. कारण त्यानं स्वतःला डिव्हाईस ॲडमिन, म्हणजे फोनवर जास्तीचे अधिकार असलेलं ॲप, करून घेतलं होतं, वर मेसेजचं डिफॉल्ट ॲपही तेच झालेलं, म्हणून एसएमएस बाबांना दिसत नव्हते, परस्पर पुढं जात होते. फोन सेफ मोडमध्ये सुरू केला, त्यात बाहेरून टाकलेली ॲप चालू होत नाहीत, मग ॲडमिनमधून टिक काढली आणि ते गेलं. ॲक्सेसिबिलिटी (यातून ॲपला स्क्रीन वाचता येते), नोटिफिकेशन ॲक्सेस, अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी, ही तीन पानं त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. तुमच्या आईवडिलांच्या फोनवर आजच उघडून बघा, तिथं ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर गडबड असू शकते.

ते ॲप काढल्यावरही त्यांनी फॉरमॅट केलंच. फोटो आणि कॉन्टॅक्ट तेवढे बाजूला काढले, बाकी काही नाही, आणि ॲप परत प्ले स्टोअरमधूनच. म्हणाले मी काढलंय ते मला दिसलं तेवढंच, न दिसलेल्याची गॅरंटी मी देत नाही. असं सरळ सांगणारा माणूस मला आवडतो.

सिम परत घालायच्या आधी साध्या फोनवरूनच स्टार हॅश २१ हॅश दाबून कॉल कुठं वळवलेत का ते बघितलं, आणि हॅश हॅश ००२ हॅश करून जे काय असेल ते रद्द केलं. कॉल वळवलेले असतील तर फोनवर सांगितला जाणारा ओटीपीसुद्धा चोराकडं जातो, हे मला माहीतच नव्हतं. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाईसमध्ये एक अनोळखी ब्राउझर जोडलेला निघाला, तो काढला, टू स्टेपचा सहा आकडी पिन लावला. जीमेलचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला. मग बाबांच्या स्टेटसला लिहिलं, माझ्याकडून आलेली चलानची फाईल उघडू नका, आणि ज्यांना गेली होती त्यांना मी एकेकाला फोन केले. आत्यानं उघडली होती. तिलाही लगेच सिम काढायला लावलं, तिचं काही गेलं नाही.

आम्ही बसलो असताना एक काकू आल्या, फोन हॅक झालाय, सारखं व्हायरस आहे व्हायरस आहे असं येतंय. मालकांनी क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्यातरी साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी काढली, दोन मिनिटं, पैसे घेतले नाहीत. ते म्हणाले फोन गरम होतो, बॅटरी उतरते म्हणून येणारे बरेच जण असेच असतात, बॅटरी जुनी झालेली असते. मेसेज यायचे बंद होणं, आपण न पाठवलेलं दुसऱ्याला जाणं, ॲप काढता न येणं, हे दिसलं तर मात्र धावत या.

बिल ३५० रुपये. अँटीव्हायरस विकला नाही, उलट सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट टूल मिळतात ती बघा म्हणाले. आणि संचार साथी या सरकारी साइटवर बाबांच्या नावावर किती सिम आहेत ते तपासून दिलं, दोनच निघाले, दोन्ही आमचेच.

अर्धा मार्क का कापला, तर ते फार भरभर बोलतात, बाबांना निम्मं कळलं नाही आणि विचारायला संकोच वाटला. वयस्कर माणसाबरोबर घरातलं कोणीतरी पाहिजेच. पावती मागितल्यावर साध्या चिठ्ठीवर लिहून दिली. आणि जीमेलमध्ये मेल परस्पर दुसरीकडं पाठवायचं फिल्टर लावलंय का ते त्यांनी बघितलं नाही, मी घरी येऊन बघितलं, नव्हतं. पैसे गेलेल्या माणसाला आधी पाणी देऊन मग कामाला लावणारा दुकानदार मात्र मी दुसरा बघितला नाही, आणि एकदाही ते बाबांना असं कसं केलंत काका असं म्हणाले नाहीत. आम्ही घरात ते दहा वेळा म्हणालो होतो.

आता बाबांना चलान बघायचं असलं की ते महाट्रॅफिकच्या, म्हणजे राज्याच्या ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघतात. दसरा चौकातलं काही नव्हतंच.

दुकान साडेदहाला उघडतं, दुपारी दीड ते चार बंद, सोमवारी सुट्टी. त्यांच्याकडं साधा फोन एकच आहे आणि तो बऱ्याचदा कोणाकडंतरी दिलेला असतो, तेव्हा घरात कीपॅडचा फोन असेल तर चार्ज करून बरोबर न्या, आणि पासबुक न्या.