कालवे, तिसऱ्या आणि कातळसड्यावरचे जीव: एका डीएनए बारकोडिंग सेवेचे परीक्षण

रत्नागिरीच्या खाड्यांत आणि कातळसड्यांवर अपृष्ठवंशीय जीवांचा अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्या महाविद्यालयीन शिक्षकांना जातीची खात्री करून घ्यायची, तर नमुने घाटावर पाठवावे लागतात. त्यासाठी आम्ही पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेची बारकोडिंग सेवा, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याची सेवा, घेत आहोत. तिचे नाव देत नाही. अशी कोणतीही सेवा निवडताना काय पाहावे, हे सांगण्यापुरताच या लेखाचा हेतू आहे.

या तपासणीची गरज कालवांबाबत विशेष जाणवते. कालवाचा शिंपला ज्या खडकावर बसतो त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे आणि शेजारच्या दाटीप्रमाणे आकार घेतो, त्यामुळे केवळ शिंपल्यावरून जात ठरवणे धोक्याचे असते. शिवाय सॅकोस्ट्रिया कुकुलाटा या कालवाच्या एकाच शास्त्रीय नावाखाली अनेक वेगळे आनुवंशिक वंश मोडतात, हे मायटोकॉण्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील) जनुकांवरून दिसून आलेले आहे. बारकोडिंगमध्ये त्यांपैकी सीओआय या जनुकाचा सुमारे ६५० बेसजोड्यांचा तुकडा वाचला जातो. त्यासाठीचे प्राइमर (हा तुकडा नेमका पकडणारे डीएनएचे छोटे धागे) फोल्मर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडले आणि २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी या तुकड्यावरून जाती ओळखण्याची पद्धत सुचवली. हेबर्ट यांनी त्याआधी अनेक वर्षे डॅफ्निया या गोड्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवाच्या आनुवंशिकीवर काम केले होते, याचे मला विशेष महत्त्व वाटते, कारण ही पद्धत आपल्याच विषयाच्या अभ्यासकाकडून आलेली आहे.

प्रयोगशाळेचे काम उत्तम आहे. तिसऱ्यांचे नमुने पाठवताना त्यांनी जननग्रंथी टाळून पायाचा स्नायू मागितला, तेव्हाच त्यांची जाण लक्षात आली. तिसऱ्या ज्या कुळात मोडतात त्या कुळातील काही शिंपल्यांत नराच्या शुक्रपेशींमध्ये बापाकडून आलेला मायटोकॉण्ड्रिया असतो आणि शरीराच्या इतर भागांत मुख्यतः आईकडून आलेला. ऊती चुकीची निवडली, तर एकाच जातीचे दोन वंश असल्याचा भास होऊ शकतो. मृदुकाय जीवांच्या चिकट श्लेष्म्यातील शर्करायुक्त द्रव्ये पीसीआरला (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेला) अडथळा करतात, म्हणून ते डीएनए वेगळा करताना ही द्रव्ये बाजूला काढणारी सीटीएबी ही रासायनिक पद्धत वापरतात. शुल्क नमुन्यागणिक असून पहिले वाचन फसल्यास दुसरे त्याच शुल्कात करून देतात. डीएनए वाचनाच्या आलेखाची मूळ फाइलही न मागता मिळते, आणि ज्यांना निष्कर्ष स्वतः पडताळायचा आहे त्यांच्यासाठी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

अहवालाबाबत मात्र माझी तक्रार आहे. सड्यावरच्या पावसाळी डबक्यांतून घेतलेल्या फेअरी श्रिम्प या कोळंबीसारख्या इवल्या कवचधारी जीवाच्या नमुन्याला त्यांनी सरळ एका जातीचे नाव दिले, वास्तविक त्या नावाशी जुळणी नव्वद टक्क्यांच्या जेमतेम वर होती. एकाच जातीतील फरक या जनुकात बहुधा २ टक्क्यांच्या आत असतो, त्यामुळे इतक्या अंतराला ‘जवळचा नातलग’ म्हणता येईल, ओळख म्हणता येणार नाही. चूक वाचनात नव्हती. जांभ्याच्या सड्यांवर अंड्यांच्या रूपाने उन्हाळा काढणाऱ्या या जीवांच्या पुरेशा नोंदी, ज्याच्याशी अनुक्रम ताडून पाहतात त्या संदर्भसंग्रहातच नसतील, तर संगणक उपलब्ध नावांतील सर्वांत जवळचे नाव पुढे करणारच. ते नाव छापण्याआधी एखाद्या जाणकाराने नराच्या स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हव्यात, आणि ही सोय त्या सेवेत नाही. नमुन्याच्या अर्जातही ठिकाण आणि तारीख एवढेच रकाने आहेत. पावसाळ्यात खाडीचे पाणी किती गोडे झाले होते, नमुना भरतीरेषेच्या कोणत्या पातळीवरचा होता, याची नोंद नसेल, तर त्या अनुक्रमाचा (वाचलेल्या डीएनए तुकड्यातील बेसच्या क्रमाचा) परिसंस्थेच्या अभ्यासाला उपयोग फार थोडा.

कालवे आणि तिसऱ्यांसाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. सड्यावरच्या जीवांसाठी केवळ अनुक्रम घ्यावा आणि अहवालातील नाव बाजूला ठेवावे. नमुने फॉर्मेलिनमध्ये ठेवू नयेत, कारण त्याने डीएनए खराब होतो. ते ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावेत. कुरिअरवाले ज्वालाग्राही द्रव घेत नाहीत, म्हणून पाठवण्याच्या दिवशी इथेनॉल ओतून टाकून ओलसर ऊती घट्ट झाकणाच्या कुपीत भरावी, आणि मूळ नमुन्याचा उरलेला भाग शिंपल्यासकट आपल्याकडे जपून ठेवावा.