फुकटचं सीट कव्हर

"कव्हर तेवढं काढू नका साहेब, अगदी कंपनीसारखं बसवलंय." गाडी परत देताना त्या माणसाने हे दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मी मान डोलावली, दुसऱ्यांदा चक्क आभार मानले.

माझी पिकअप जुनी. केबिनमध्ये या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब सीट. ड्रायव्हर पुढे सरकला की शेजारच्यालाही सरकावं लागतं. मी बुटका, आई उंच. मला क्लच नीट दाबता यावा म्हणून सीट पुढे घेतली की तिचे गुडघे डॅशबोर्डला टेकलेच. त्यात स्प्रिंगा मोडलेल्या आणि फोम पार बसलेला. तासभर चालवली की कंबर धरायची. इंजिन मात्र ठणठणीत, त्यामुळे गाडी काढवत नव्हती. म्हणून मोडीत निघालेल्या एखाद्या कारच्या पुढच्या दोन सुट्या सीटा आणून बसवायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती, आजही मी तिला नावं ठेवणार नाही. असं काम पुष्कळ जण करतात आणि चांगलं करतात.

जुने पार्ट विकणाऱ्या एकाने फोटो पाठवले. काळ्या रंगाची सुरेख जोडी. "गाडीला मागून किरकोळ ठोकर होती, पुढचं सगळं कोरं आहे." गाडी बघायला मिळेल का, विचारलं तर ती कापून गेली म्हणाला. मग तो एक वाक्य बोलला आणि मी तिथेच हो म्हटलं: "सरळ बसतं साहेब, भोकाला भोक जुळतं. फिटिंग आमच्याकडे आणि वर सीट कव्हर फुकट."

भोकाला भोक जुळत नसतं. कारच्या सीटला सहसा चार पाय, आणि त्यांच्यामधलं आडवं-उभं अंतर मॉडेलगणिक वेगळं. शिवाय पुष्कळ कारमध्ये पुढच्या पायांखालचा पत्रा वर असतो आणि मागच्यांखालचा खाली, म्हणून सीटचे पायही त्या हिशेबाने कमी-जास्त उंचीचे. जुन्या पिकअपचा तळ बराचसा सपाट, मध्ये गिअरबॉक्सचा उंचवटा, आणि भोकं लांब सीटच्या रेलसाठी पाडलेली. म्हणजे मधे जोडपट्ट्या किंवा फ्रेम बनवावीच लागते. खरं कौशल्य तिथेच लागतं. मापाचा टेप घरात असूनही मी एकही माप घेतलं नाही.

गाडी दिवसभर त्याच्याकडे ठेवली. संध्याकाळी गेलो तर केबिन ओळखू येईना. तकतकीत कव्हर, लाल शिवण. पैसे दिले. पावती मागितली तर म्हणाला, "जुन्या मालाला पावती कसली?" मलाही ते पटलं. माझी जुनी सीट तो "अडगळ कशाला" म्हणून ठेवून घेत होता. आई बरोबर होती म्हणून ती हौद्यात टाकून परत आणली. तिला कुठलीच वस्तू टाकवत नाही. या स्वभावावरून मी आयुष्यभर तिची चेष्टा करत आलोय.

घरी येतानाच कळलं की मी फार उंच बसलोय. मोजलं तेव्हा बैठक जुन्या सीटपेक्षा 7 सेंटीमीटर वर भरली. स्टिअरिंग मांडीला घासतंय, नजर थेट काचेच्या वरच्या कडेवर. पाठ जरा मागे घ्यावी तर ती केबिनच्या भिंतीला टेकते, मागे जागाच नाही. एका सीटचा लिव्हर ओढायचा होता आणि दुसरीचा वर उचलायचा. मी मनाशी म्हटलं, ड्रायव्हरची सीट वेगळी असते. नवीन वस्तूवर पैसे घातले की माणूस स्वतःच तिची वकिली करायला लागतो.

मग हवा दमट झाली आणि आई म्हणाली, "इथे कुठेतरी ओल धरलीय रे." मी मॅट उचलून बघितल्या, दाराची रबरं बघितली. कोरडी. वास फक्त तिच्याच बाजूला यायचा. त्याच आठवड्यात ब्रेक मारला की माझ्या सीटखालून टक्क असा आवाज येऊ लागला आणि सीट बोटभर पुढे झुके. शेवटी बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झालो.

जोडपट्टी म्हणून पातळ अँगलचे तुकडे लावले होते. वेल्डिंग पूर्ण नव्हतं, नुसते टाके मारलेले. बोल्ट थेट तळाच्या पत्र्यातून आरपार, खाली रुपयाएवढे वायसर. तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. वायसर त्यात रुतून खळगा पडला होता आणि एका भोकाच्या कडेने चीर निघाली होती. कंपनी जिथे सीट आवळते तिथे पत्र्याला आतून जाड पट्टी जोडलेली असते. नवं भोक पाडलं तर निदान तळहाताच्या आकाराची जाड लोखंडी प्लेट खालून द्यायला हवी. माझ्या सीटला चौथा बोल्टच नव्हता. खाली चॅसीचा आडवा दांडा आडवा आला म्हणून फिटरने तो पाय तसाच सोडून दिला होता.

बोल्टची डोकी कोरी होती. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो. 8.8 म्हणजे तुटण्यापूर्वी प्रत्येक चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण सोसणारा, आणि त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत कायमचा न वाकणारा. कोऱ्या डोक्याचा बोल्ट घराच्या दाराच्या बिजागरीला चालतो. सीटचं गणित वेगळं आहे. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 207 या नियमाप्रमाणे सीटच्या बांधणीने सीटच्या वजनाच्या 20 पट जोर पुढे आणि मागे सोसला पाहिजे. सीट 20 किलोची धरली तर 400 किलोचा हिसका झाला. आणि हा रिकाम्या सीटचा हिशेब.

हलक्या शब्दांत सांगता येणार नाही असा भाग इथून पुढे आहे. जुन्या गाडीत सीट बेल्टच्या पट्ट्याचं बकल सहसा तळाला स्वतंत्र आवळलेलं असतं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत ते सीटलाच असतं, म्हणजे टक्कर झाली की सीटबरोबर बसलेल्या माणसाच्या अंगाचा जोरही सीटच्या बोल्टवर येतो. फिटरने माझं तळाचं जुनं बकल काढून फेकलं होतं आणि सीटचं वापरलं होतं. तीन कोऱ्या बोल्टांवर आणि मिलिमीटरभर पत्र्यावर सीट, मी आणि पट्टा असे तिघेही लटकत होतो.

कुशनचं काम करणाऱ्या एका काकांकडे दोन्ही सीटा नेल्या. त्यांनी माझ्या सीटच्या कव्हरची शिवण उसवली आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहिले. दाराकडची कूस उभी फाटलेली. आत फोमऐवजी चिंध्या कोंबलेल्या, त्यांच्यामागे एअरबॅगची रिकामी बैठक. बाजूची एअरबॅग सीटच्या कुशीत ठेवायची पद्धत व्होल्वोने 1994 मध्ये 850 या गाडीत आणली, पुढे ती सर्रास झाली. माझ्या सीटमधली कधीच फुटून गेली होती. 'एअरबॅग' लिहिलेलं कापडी लेबल कात्रीने मुळापासून कापलेलं. बकलच्या दांड्यावरचं रबर घडी पडून चुरगळलेलं आणि बकल शेजारच्या सीटपेक्षा चांगलं चार बोटं खाली. टक्कर होताच पट्टा आवळून घ्यायला बकलच्या बुडाशी थोडी स्फोटक दारू असते. ती एकदा उडाली की बकल खाली ओढलं जातं आणि तसंच राहतं. म्हणजे 'मागून किरकोळ ठोकर' ही थाप. या सीटवर कुणीतरी मोठा अपघात सोसला होता.

आईची सीट त्या गाडीची नव्हतीच. लेबल वेगळं, रेल वेगळी, फोमचा रंगसुद्धा वेगळा. काकांनी हेडरेस्ट उपसून नळीत चिंधी फिरवली तर ती चिकणमातीने माखून बाहेर आली. रेलच्या टोकाला, हात सहज पोचत नाही तिथे, गाळाचा थर बसलेला. ही बुडालेल्या गाडीची सीट. फोमने पाणी पिऊन ठेवलं होतं, वरून रेक्झिनचं कव्हर घट्ट ओढल्यामुळे ते वाळायलाच जागा नव्हती. दोन वेगळ्या गाड्या आणि दोन वेगळे अपघात त्या फुकटच्या कव्हराने एका जोडीत बसवले होते. फोटोतली जोडी खरी असेलही, माझ्या गाडीत मात्र ती कधी चढलीच नाही.

काका आईच्या सीटच्या कुशीत पातं घालणार तेवढ्यात मला खाली लोंबणारा पिवळा कपलर दिसला आणि मी ओरडलोच. पिवळा कपलर म्हणजे एअरबॅगची वायर, आणि या सीटमधली एअरबॅग न फुटलेली होती. जुन्या पिकअपला ती फोडणारा कॉम्प्युटरच नाही, म्हणजे टक्करीत तिचा उपयोग शून्य, पण चुकीचा करंट मिळाला तर ती सीटवरच्या माणसासकट उडू शकते. तिला मल्टिमीटर लावून बघायचा मोह कुणी करू नये, मीटरचा बारीकसा करंटही धोक्याचा. ते काम कंपनीच्या वर्कशॉपमधल्या शिकलेल्या माणसाचं.

मग सीटा विकणाऱ्या त्या माणसाकडे गेलो. फोटो दाखवले तर तोच माझ्यावर चढला. "साहेब, सीट बसायला असते. तुम्ही फाडून कशाला बघितली? कव्हर काढलं की गॅरंटी संपली." कसली गॅरंटी, हे त्याने आधी कधी सांगितलंच नव्हतं. सगळी बोलणी फोनवर, माझ्याकडे फक्त काळ्या सीटांचे फोटो. मी बराच वेळ हललो नाही तेव्हा तो नरमला. दुसरी जोडी देतो म्हणाला, आणि फिटिंग परत फुकट. ते 'फुकट' ऐकलं आणि मी उठलो.

आज कुणी अशी सीट घ्यायला निघालं तर मी म्हणेन, कव्हर तिथल्या तिथे काढायला लावा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. हेडरेस्ट उपसून नळीत पांढरी चिंधी घाला, सीट रेलवर दोन्ही टोकांना नेऊन खाली बॅटरी मारा, दोन्ही बकलांची उंची शेजारी धरून बघा. आपल्या केबिनची भोकं, उंची आणि पाठीमागची जागा आधी मोजून कागदावर न्या. गाडीचे मूळ पट्टे आणि बकल त्यांच्या मूळ जागेवरून हलवू देऊ नका, मग सीट कुठलीही असो. एअरबॅग नसलेली साधी सीट मिळाली तर जुन्या गाडीला तीच बरी. आणि फिटिंग चालू असताना तिथेच बसा.

न बसल्याची किंमत मला शेवटी कळली. ती भोकं बुजवायला दिली तेव्हा वेल्डरने मशीन बाजूला ठेवलं आणि मला खाली बोलावलं. आईच्या सीटच्या पायाखालच्या भोकाच्या बरोबर खाली चॅसीला लागून डिझेलची नळी जाते. तिच्यावर ड्रिलचा ओरखडा होता, नखाला लागेल एवढा खोल. आधी नळी बदलली, मग वेल्डिंग.

जुनी सीट काकांनी नव्या स्प्रिंगा आणि फोम घालून भरून दिली. बकल नवीन, जुन्याच जागी. आईचे गुडघे पुन्हा डॅशबोर्डला लागतात, पण सीट टाकू दिली नाही याची आठवण ती मला दर खड्ड्याला करून देते. न फुटलेल्या एअरबॅगचं विचारायला वर्कशॉपला फोन केला तर ते म्हणाले, आणा, पण सीट केबिनमध्ये ठेवू नका. एअरबॅगची बाजू वर करून हौद्यात ठेवली, चारही पायांना दोर बांधून करकचून आवळली. पिकअपमध्ये ती सीट एकदाच नीट बसली, ती अशी.