डीपीएफचा लाइट लागला म्हणून गेलो आणि धडधाकट फिल्टर काढून देऊन आलो

एकूण ९८,००० रुपये. आकडा आधीच सांगतो, नंतर हळहळ व्यक्त करायला वेळ कमी पडायला नको. हे गेलेत एका स्कॅनिंगला, एका खोट्या क्लिनिंगला आणि एका अशा 'नवीन इम्पोर्टेड' फिल्टरला जो माझ्या गाडीत नाहीये. म्हणजे डबा आहे, आत काही नाही.

गाडी २०२१ची, बीएस-६ डिझेल, ४८,००० किमी. हे किलोमीटर लक्षात ठेवा, पुढे लागतील. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेल गाड्यांना हा डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, बसायला लागला, तो काय करतो हे बहुतेकांना माहीत असेल. इंजिनची काजळी अडवून धरायची आणि भरत आली की सहाशे डिग्रीच्या आसपास तापवून जाळून टाकायची, यालाच रिजनरेशन म्हणतात. शहरात पाच-सात किमीच्या फेऱ्या मारल्या तर सायलेन्सर नीट तापतच नाही, काजळी साठत जाते आणि पिवळा लाइट लागतो. माझाही लागला. मी नियमाप्रमाणे समृद्धीवर नेऊन ताशी नव्वदने चांगली तासभर पळवली. लाइट गेला नाही. उलट त्याच्या जोडीला चेक इंजिनचा पण लागला.

आता लोक म्हणतील कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला का नाही नेली. अहो फोन केला होता! वॉरंटी संपलेली, अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनंतरची, आणि गाडी न बघताच फोनवरची मॅडम सांगते की फिल्टर बदलावा लागू शकतो, १,४६,००० पर्यंत तयारी ठेवा. न बघता! अशा वेळी माणूस बाहेर चौकशी करणार नाही तर काय करणार. ओळखीतल्याने एक गॅरेज सुचवलं, बाहेर मोठा बोर्ड, 'डीपीएफ स्पेशालिस्ट', आत चांगल्या चांगल्या गाड्या उभ्या, मालक बोलायला गोड, साहेब-साहेब करणारा, चहा मागवणारा. कपाळावर लिहिलेलं नसतं कोणाच्या.

स्कॅनर लावला. स्क्रीनवर कोड आला पी२४५३. मी सवयीप्रमाणे फोटो काढला, घरी गेल्यावर बघू म्हणून. मालक म्हणाला, "साहेब, फिल्टर शंभर टक्के चोक आहे, अजून आठ दिवस चालवली तर टर्बो जाईल." टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा महागडा पार्ट, तो जाणार म्हटल्यावर कोणाच्या पोटात गोळा येणार नाही? स्कॅनिंगचे १,५०० आणि केमिकल क्लिनिंगचे १८,५०० ठरले.

हाच तो क्षण ज्याच्यावर मी अजून रात्री जागतो. पी२४५३ हा फिल्टर भरल्याचा कोड नाहीच. काजळी जास्त साठली तर पी२४६३ येतो, फिल्टर नीट काम करत नसेल तर पी२००२. पी२४५३ म्हणजे फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरचं रीडिंग पटत नाहीये. त्या सेन्सरला दोन बारक्या रबरी नळ्या असतात, उष्णतेने तडकतात, एखादी निसटते, की सेन्सर काहीही सांगायला लागतो आणि गाडी घाबरून लाइट लावते. फोटो माझ्याच मोबाइलमधे होता. सर्चमधे ते पाच अक्षरं टाकली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण मी काय मेकॅनिक आहे का? दहा वर्षं त्यातच काम करणारा माणूस समोर उभं राहून सांगतोय चोक आहे, आपण त्याच्याशी कोडवरून वाद घालायचा? डॉक्टरने सांगितलं की आपण ऐकतोच ना.

दुसरी गोष्ट, ते किलोमीटर. फिल्टरमधे दोन प्रकारचा कचरा असतो, काजळी आणि राख. काजळी जळते. राख इंजिन ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची असते, ती जळत नाही, तिच्यासाठी खरंखुरं क्लिनिंग लागतं, फिल्टर गाडीतून काढून. पण राखेने तो भरायला साधारण लाखाच्या वर किलोमीटर जावे लागतात. ४८,००० ला कसली राख? आणि माझं 'क्लिनिंग' केलं कसं, तर सेन्सरच्या भोकातून फेसाचा स्प्रे मारला, खाली उतरवलासुद्धा नाही. १८,५०० रुपयांचा फेस.

आठवड्याच्या आत लाइट परत. परत गेलो. यावेळी त्याने स्कॅनरची स्क्रीन स्वतःकडे वळवून ठेवली, मला दिसेल अशी धरलीच नाही. तोंड पाडून म्हणाला की साहेब आतली जाळी फुटली आहे, आता बदलण्याशिवाय इलाज नाही, पण कंपनीचा घेऊ नका, माझ्याकडे इम्पोर्टेड आहे, सेम क्वालिटी. फिल्टर ६२,०००, फिटिंग ६,५००, सॉफ्टवेअर अडॅप्टेशन ९,५००. झाले ७८,०००. पक्कं बिल पाहिजे तर टॅक्स वर. मी कच्च्या कागदावर तयार झालो, कारण १,४६,००० समोर ७८,००० स्वस्त वाटतात. या लोकांचं सगळं गणित त्या कंपनीच्या आकड्यावर उभं असतं हे विसरू नका. ४०,००० यूपीआयने दिले, ते पण गॅरेजच्या नावावर नाही, कुठल्यातरी बाईच्या खात्यात, आणि ३८,००० रोख.

जुना फिल्टर मागितला. "तो एक्स्चेंजमधे जातो साहेब, म्हणून तर तुम्हाला या रेटला बसला." बरं वाटलं ऐकून. नंतर कळलं की त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. म्हणजे माझा चालू फिल्टर काढला, तो विकला, आणि काढायचे पैसे पण माझ्याकडूनच घेतले!

गाडी मिळाली तेव्हा मस्त पळत होती, हे पण खरं सांगतो. अडथळाच नाही म्हटल्यावर पळणारच. लाइट बंद, पिकअप वाढलेला, मी खूश, दोन जणांना तर मीच ते गॅरेज सुचवलं (त्यांनी नेली नाही, नशीब त्यांचं). मग एक दिवस बायको डिकी उघडताना म्हणाली, "अहो, मागे हे काळं कसलं?" पांढऱ्या गाडीच्या बंपरवर सायलेन्सरच्या वर पंख्यासारखा काळा पट्टा. मी नळीत बोट फिरवलं तर पेरापर्यंत काळं कुट्ट, तेलकट. ज्या गाडीचा फिल्टर शाबूत असतो तिच्या नळीत बोट घाला, जवळजवळ कोरडं आणि स्वच्छ निघतं. घरात बसल्या बसल्या फुकटात करता येणारी ही टेस्ट आहे, आजच करून बघा. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे नवीन फिल्टर सेट व्हायला हजार किमी लागतात. मी तेही चालवले.

शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच गेलो. गाडी वर उचलली तर फिल्टरच्या डब्याच्या पोटावर गोल फिरलेला वेल्डिंगचा ओबडधोबड शिवण-पट्टा, बाकी डबा जुना, धुळीने माखलेला, माझाच. टेंपरेचर सेन्सर काढून त्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत सोडली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला पाहिजे होती, तिथे रिकामं पिंप आणि भिंतीला कापल्याचे ओरखडे. सॉफ्टवेअर अडॅप्टेशन म्हणजे काय तर ईसीयूमधून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधून, फिल्टरचा विषयच उडवलेला, रिजनरेशन बंद, लाइट बंद, कायमचा. आणि सेन्सरची एक नळी तडकलेली, अजून तशीच लोंबत होती. नळीची किंमत फिटिंगसकट ६८० रुपये.

आता सरकारी यंत्रणेची गंमत ऐका. पोलिसांकडे गेलो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक, सगळं लिहून नेलं होतं. साहेबांनी अर्ज हातात घेऊन पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा." रोख दिले त्याचा पुरावा काय? पक्कं बिल का नाही घेतलं? यूपीआय ज्या बाईला गेले ती गॅरेजची कोण? अहो हे शोधायचं काम माझं का तुमचं! मला तर वाटायला लागलं की मीच गॅरेज चालवतो. पोच द्या म्हटलं तर शिक्का मारणारा रजेवर.

आरटीओत तर त्याच्या वरताण. तिथे मला शांतपणे समजावण्यात आलं की परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मालक म्हणजे मी. गॅरेजवाला? तो आमच्या अखत्यारीत येत नाही. मी तक्रार द्यायला गेलोय आणि समोरचा मलाच आरोपी करायला बसलाय, तोंडावर हसू ठेवून. आणि कळस म्हणजे पीयूसी. फिल्टर नसलेल्या गाडीला त्या काळात मला रीतसर पीयूसी मिळालं, पास! केंद्रावरच्या पोराने नळी सायलेन्सरच्या तोंडापाशी नेल्यासारखी केली आणि नंबर प्लेटचा फोटो काढला, संपली तपासणी. ज्या फिल्टरपायी आपण गाडीला जास्तीचे पैसे मोजतो तो आहे का नाही हे या अख्ख्या व्यवस्थेत कोणीच बघत नाही, म्हणून तर या लोकांचे बोर्ड एवढे मोठे आहेत.

सर्व्हिस सेंटरवाले पण साधू नाहीत. कॅमेऱ्यात दिसलं ते तोंडी सांगितलं, लेखी मागितलं तर "आमच्या पॉलिसीत बसत नाही." शेवटी आवाज चढवल्यावर जॉब कार्डवर एक ओळ मिळाली, 'फिल्टरचा आतील भाग आढळला नाही'. त्या एका ओळीवर माझी सगळी केस उभी आहे.

म्हणून सांगतो, स्कॅन केला की कोडचा फोटो घ्या आणि तिथेच उभं राहून तो शोधा, कोणी कितीही घाई केली तरी. काजळी किती साठलीये याचा आकडा स्कॅनरवर दिसतो, तो दाखवायला सांगा, नाही म्हणाला की चावी घेऊन निघा. जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे नाहीत. कोणी लॅपटॉप लावून 'सॉफ्टवेअर' म्हणाला की समजून जा. दुकानाच्या नावाच्याच खात्यात पैसे टाका, टॅक्स वाचवायला जाऊ नका, माझा वाचलेला टॅक्स मला केवढ्याला पडला बघताय. आणि पिवळा लाइट लागला तर आधी हायवे, पण टाकीत डिझेल अगदी तळाला असेल किंवा चेक इंजिन लागला असेल तर बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत, मग कितीही पळवा. गाडी उभी असताना आरपीएम थोडा चढलाय, पंखा जोरात फिरतोय, जळका वास येतोय, तर रिजनरेशन चालू आहे, बंद करू नका. सारखं अर्धवट तोडलं तर डिझेल इंजिन ऑइलमधे उतरतं, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, लगेच बदला. ऑइल लो-सॅप्सचंच, म्हणजे कमी राख करणारंच टाका, दुकानदार 'तेच आहे हो' म्हणाला तरी डब्यावर वाचा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, ऑनलाइन होते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, तक्रार टाकायला दोन वर्षांची मुदत असते. वकिलाची नोटीस गॅरेजवाल्याने 'घेण्यास नकार' करून परत पाठवली, ते पाकीट न फोडता जपून ठेवलंय, असं परत आलेलं पाकीट पण पुरावा म्हणून लागतं असं वकील म्हणाले. नवीन फिल्टर मीच बसवणार आहे, कंपनीचाच, १,४६,००० चा, पक्क्या बिलावर. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे.